भिंतीकडे तोंड करून टांगलेला फळा

मी फळा आहे. भिवंडीचा. मी भित्रा आहे, हे आधीच सांगून टाकतो. नंतर कोणी हसायला नको.

माणसाला एखादी गोष्ट कळली तर तो तोंड मिटून बसू शकतो. मला ती सोय नाही. माझ्यावर लिहिलं की ते सगळ्यांना दिसलं. येणारा वाचतो, जाणारा वाचतो, सायकल न थांबवता वाचतो. हे दाखवायचं का, असं मला आजवर कोणी विचारलेलं नाही. उघड्या अंगाने चौकात उभं राहायचं आणि लोक काय लिहितील त्याची वाट बघायची, असला माझा जन्म.

मला एका सुताराने शाळेसाठी बनवलं. दोन्ही बाजूंना काळा रंग दिला, पण मधल्या फळीत एक गाठ राहिली. गाठीवर खडू आला की उडी मारायचा आणि तुटायचा. मास्तर वैतागले. "हा फळा ठार अडाणी आहे," म्हणाले, आणि चार महिन्यांत मला बाहेर काढलं. माझं शिक्षण वजाबाकीपर्यंत झालं. गुणाकार सुरू व्हायच्या आतच मी भंगारात होतो.

तिथून मला हारूनचाचाने उचललं. लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या गल्लीत त्याचं चहाचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे चार बाकडी, एक भट्टी आणि धुराने काळी झालेली भिंत. त्या भिंतीवर त्याने मला तारेने टांगलं आणि चहा, खारी, भजी, पाव असं लिहिलं. मला वाटलं, बरं झालं, आता भज्यांवर कोण भांडणार? सुखाने मरू.

पण तिथे दामू यायचा. दामू नगरपालिकेत शिपाई. बौद्धवाड्यातला, सडपातळ, खिशाला नेहमी पेन. अक्षर असं की साहेब लोक त्याच्याकडून पाट्या लिहून घ्यायचे. त्याच्याकडे ट्रान्झिस्टर होता. मॅच असली की तो दर अर्ध्या तासाने येऊन भज्यांच्या खाली स्कोर लिहायचा. लूमवाल्यांना रेडिओचा उपयोग नव्हता, कारण शेडमध्ये खटाखट एवढी की शेजारचा मेला तरी ऐकू यायचा नाही. ते पाच मिनिटांची सुट्टी घेऊन पळत यायचे, माझ्याकडे बघायचे, शिवी नाहीतर शिट्टी देऊन परत पळायचे. ते दिवस मला आवडले. खोटं कशाला बोलू?

मग व्हीसीआर आला आणि माझं सुख संपलं.

गल्लीत अय्यूबने व्हीसीआर घेतला. कोकणी घरातला हा अय्यूब, आठ लूमचा मालक, पण कामगारांबरोबर बाकड्यावर बसणारा. दिवसपाळी सकाळी सातला सुरू, संध्याकाळी सातला खलास. मॅच बघणार कधी? लूम बंद असायचे फक्त शुक्रवारी. तेव्हा अय्यूबने शक्कल काढली. आठवड्यात मॅच कधीही होवो, घरी टेप करायची आणि शुक्रवारी जुम्याच्या नमाजानंतर सगळ्यांनी मिळून बघायची. टेप करायचं काम त्याच्या आईकडे, हबीबाखालाकडे. खालाला क्रिकेटचा भयंकर राग. तरी तीन तासांनी कॅसेट संपली की पिठाच्या हाताने ती दुसरी घालायची. "मेले दिवसभर उन्हात उभे राहतात आणि त्यांना बघायला आमची पोरं घरात बसतात," असं म्हणत घालायची. पण घालायची.

आता बघा, मॅच झाली मंगळवारी आणि बघायची शुक्रवारी. मधले तीन दिवस तोंड कोण सांभाळणार? लूमवाल्या माणसाला हळू बोलता येत नाही. आयुष्यभर खटाखटीवर ओरडून बोललेला माणूस. तो कानात सांगतो तेसुद्धा रस्त्यापलीकडे ऐकू जातं.

पहिल्याच महिन्यात इक्बालने मॅच फोडली. इक्बाल म्हणजे अय्यूबच्या मामाचा मुलगा, तीस वर्षांचा, धोतऱ्याच्या फुलासारखं उघडं तोंड. हॉटेलात शिरता शिरता ओरडला, "अरे, शेवटच्या ओव्हरमध्ये काय धुतलं!" आत रघू बसला होता. पडघ्याकडचा, नवीन लागलेला, तापट. तीन दिवस त्याने कोणाकडे मान वर करून पाहिलं नव्हतं, काही कळू नये म्हणून. त्याने हातातला ग्लास उचलून भिंतीवर मारला. माझ्यापासून वीतभर अंतरावर फुटला.

आणि मग जे झालं ते मी विसरणार नाही. काच फुटल्याचा आवाज झाला, कोणीतरी "मारला" म्हणून ओरडलं, आणि गल्लीतली शटरं खाली यायला लागली. एक, दोन, दहा. बायका गॅलरीतून पोरांची नावं घेऊन हाका मारायला लागल्या. चौऱ्याऐंशी सालची दंगल होऊन फार दिवस झाले नव्हते. आमच्या गावात तेव्हा काच फुटली की लोक कारण विचारत नव्हते, आधी कडी लावत होते. इक्बाल आणि रघू, दोघेही पांढरेफटक. क्रिकेटवरून भांडण झालंय, हे लोकांना पटवायला अर्धा तास लागला.

हारूनचाचा काचा गोळा करत होता. "मॅचचा एक आकडा तोंडातून गेला आणि माझी गल्ली बंद केलीत तुम्ही," तो म्हणाला. "उद्यापासून फळ्यावर स्कोर नाही."

दामू म्हणाला, "चाचा, स्कोर बंद केला तर लोक एकमेकांना विचारतील. ते जास्त वाईट. मी भजी-पाव पुसून तिथे नुसता स्कोर लिहितो. फळा भिंतीकडे तोंड करून टांगायचा. ज्याला जाणून घ्यायचंय त्याने उलटून वाचावा, पुन्हा लावावा आणि गप्प राहावं."

तेव्हापासून कायदा झाला. वाचणाऱ्याने मनगटावर खडूची एक रेघ ओढायची. रेघवाल्याने बाहेरच्या बाकड्यावर बसायचं, कोऱ्याने आत. रेघवाल्याला कोणी काही विचारायचं नाही. रेघवाल्याने हसायचं नाही, उसासा टाकायचा नाही. ज्याने फोडली त्याला शुक्रवारपर्यंत बिनसाखरेचा चहा, तोही उभ्याने, आणि शुक्रवारी अय्यूबच्या दारात पाय ठेवायचा नाही.

लोक पळवाटा शोधायचेच. एकदा इक्बाल म्हणाला, "मी काही सांगत नाही. पण शुक्रवारी मिठाई आणा."

"फुटला रे फुटला!" आतून सगळे ओरडले.

"मैंने क्या बोला? मिठाई खायला काय बंदी आहे?"

"आणि हरलो असतो तर काय आणायला सांगितलं असतंस, एरंडेल?" दामू म्हणाला. "शेवटपर्यंत बसा, असं म्हणणं म्हणजेसुद्धा सांगणंच. मजा आली म्हणणं म्हणजे सांगणंच. पी आता कडू चहा."

लोक हसायचे. मी मात्र घामाने ओला. कारण सगळा आकडा माझ्या छातीवर आणि छाती भिंतीला. तार सुटली तर? वारा आला तर? नवखं गिऱ्हाईक येऊन "अरे, फळा उलटा कोणी लावला" म्हणत सरळ करेल तर? एकाने केलाही होता. दापोड्याचा ट्रान्सपोर्टवाला. पाच जणांनी मिळून त्याचे हात धरले. बिचाऱ्याला वाटलं, चोरीचा आळ आला.

आता सोमादादाचं सांगतो. त्यासाठीच बोलायला बसलोय.

सोमा अय्यूबचा सगळ्यात जुना कारागीर. पन्नाशी उलटलेली. तरुणपणी लूमचा धोटा उडून डाव्या डोळ्यात बसला होता, तो डोळा तेव्हाच गेला. आता उजव्यात मोतीबिंदू. सूत तुटलं तर त्याला बोटाने कळायचं, डोळ्याने नाही. ठाण्याच्या दवाखान्यात ऑपरेशन ठरलं आणि हा पठ्ठ्या दोनदा पळून आला. एकदा तर दवाखान्याच्या कपड्यांत, कशेळीच्या पुलापर्यंत चालत. एकच डोळा उरलाय आणि त्यातच सुरी घालणार, म्हणून घाबरला होता. मला त्याची भीती कळायची. बाकीचे त्याला भित्रा म्हणायचे.

एका मंगळवारी मोठी मॅच होती. दुपारी त्याची बायको कलावती हॉटेलात आली. बाई कधी हॉटेलात येत नसे. पदर घट्ट धरून उभी राहिली.

"हारूनचाचा, शनिवारी यांना परत ठाण्याला नेतेय. तिसऱ्यांदा तारीख मिळालीय. डॉक्टर म्हणले, यापुढं उशीर केला तर डोळा हातचा जाईल."

"यावेळी येतो म्हणाला का?"

"शब्द दिलाय. म्हणले, ही मॅच पुरी बघतो, कायपण न कळता, पहिल्या बॉलपासून. मग कुठं नेशील तिथं येतो. पर म्हणले, मधी कोणी फोडली तर शब्द सुटला, मी येणार न्हाय." ती बाकड्यांकडे वळली. "तुमच्या सगळ्यांच्या पाया पडते. तीन दिस तोंड सांभाळा."

 इक्बालने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड धरलं आणि मान हलवली. कोणी हसलं नाही.

संध्याकाळी दामू आला. त्याने मला उतरवलं, छातीवर निकाल लिहिला. मोठ्या अक्षरात, कोण, कितीने. खडू गाठीवर आला तेव्हा तुटला. मग त्याने मला भिंतीकडे तोंड करून टांगलं आणि तार दोनदा पिळली.

ते तीन दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. सोमा रोज यायचा. कानात कापसाचे बोळे घालून, मान खाली. दुसऱ्यांचे पाय बघत बघत आत शिरायचा. बसायचा नेमका माझ्या खाली. त्याचं डोकं माझ्या खालच्या काठाला लागायचं आणि माझी प्रत्येक फळी हादरायची. वीतभर अंतरावर, भिंत आणि मी यांच्या मध्ये, त्याचा डोळा लिहिलेला होता. मला तर तसंच वाटायचं.

बुधवारी रेघवाले सात होते. गुरुवारी एकोणीस. बाहेरच्या बाकड्यावर एकोणीस माणसं मयताला बसल्यासारखी गप्प. इक्बालच्या मनगटावरसुद्धा रेघ होती आणि तोंडात रुमाल कोंबलेला. हारूनचाचा त्याला म्हणाला, "चहा कसा पिणार?" त्याने हातानेच नको म्हटलं.

शुक्रवार उजाडला. मला वाटलं, सुटलो. कायदा असा होता की शुक्रवारी सकाळी दामूने येऊन मला पुसायचं. पण त्या दिवशी दामू आला नाही. सोमाचे दवाखान्याचे कागद करायला तो रजा टाकून पहाटेच ठाण्याला गेला होता. आणि दुसऱ्या कोणाला माझी आठवण झाली नाही.

आठवण झाली ती भलत्याच वेळी.

अय्यूबच्या घरात पंधरा माणसं मावायची. त्या दिवशी चाळीस आली. म्हणून टीव्ही पडवीत काढला. नमाज उरकून माणसं चटईवर बसली आणि लक्षात आलं की दुपारचं ऊन थेट टीव्हीच्या काचेवर येतंय, काही दिसत नाही. सोमाला सगळ्यात पुढे, काचेपासून दोन हातांवर, स्टुलावर बसवलेलं. त्याला तर नुसता पांढरा उजेड दिसत होता.

"आडोसा लावा काहीतरी!" अय्यूब म्हणाला.

रघू पळत हॉटेलात आला. तार तोडली, मला डोक्यावर घेतलं आणि धावत सुटला. मी ओरडत होतो. लाकडाचं ओरडणं कोणाला ऐकू येतं? त्याने मला टीव्हीच्या बाजूला, उन्हाच्या आड उभं केलं. पाठ उन्हाकडे आणि छाती चाळीस माणसांकडे.

पडवी एकदम गार पडली. मी एकेक तोंड बघत होतो. उघडी तोंडं, थिजलेले डोळे. जे कोरे होते त्यांनीसुद्धा वाचलं. तीन दिवस जपलेलं एका क्षणात गेलं, आणि एकाच्याही तोंडातून हूं की चूं निघालं नाही. रघूने मागे वळून पाहिलं आणि त्याला कळलं. 

सोमा टीव्हीकडे बघत होता. की माझ्याकडे? मला कळेना. मोतीबिंदूच्या डोळ्याची नजर कुठे आहे ते दिसत नाही. त्याला अक्षर येत नव्हतं, पण आकडे येत होते. कापडाचे मीटर तो रोज मोजायचा.

तेवढ्यात हबीबाखाला घरातून आली. हातात ओलं फडकं. "टीव्हीवर किती ही धूळ! मेल्यांना मॅच दिसते, धूळ दिसत नाही," असं बडबडत तिने आधी काच पुसली आणि मग दोन हातांनी मला. खसाखसा. क्रिकेटचा राग करणारी ती म्हातारी. मी तिच्या हाताखाली काळाभोर झालो.

मॅच सुरू झाली. मी श्वास घेतला. पण ओला फळा वाळतो, हे तुम्हाला माहीत असेल. घाईने पुसलेलं अक्षर ओलं असेपर्यंत दिसत नाही. वाळलं की भुतासारखं वर येतं. आणि पाठीवर ऊन. मला माझ्या अंगावर तो आकडा पुन्हा उगवताना जाणवत होता. आधी एक रेघ. मग एक पोट. मी लाकूड आवळून धरत होतो, पण लाकडाचं काय चालतं?

इक्बालने पाहिलं. तो उठला, येऊन माझ्यावर पाठ टेकून उभा राहिला.

"ए, बस की खाली!" सोमा म्हणाला.

"पाठ दुखते, दादा. उभाच बरा."

"तिथनं तुला काय टीव्ही दिसणार?"

"माझी नजर तेज आहे," इक्बाल म्हणाला. त्याला टीव्हीची फक्त कड दिसत होती. मलाही तेवढीच. आम्ही दोघांनी ती मॅच पाहिलीच नाही. आम्ही लोकांची तोंडं पाहिली.

आणि काय तोंडं! सुरुवातीला एवढी खोटी की मला लाज वाटली. एक धाव निघाली तरी चाळीस जण किंचाळायचे. सोमा चिडला. "अरे कुत्र्यांनो, एकच तर रन झालाय. लग्नाला आलाय का?" मग सगळे एवढे गप्प झाले की तो म्हणाला, "आता कोण मेलं?"

हळूहळू त्यांना जमलं. एक चुकायचा, दुसरा सावरायचा. असरची वेळ झाली तेव्हा इक्बाल नमाजाला गेला आणि रघूने येऊन पाठ लावली. मगरीबच्या नमाजाला कॅसेट थांबवली. कोणी घरी गेलं नाही. दिवे लागले, आडोशाची गरज संपली, तरी मला कोणी हलवलं नाही, कारण हलवलं असतं तर दिसलो असतो. इक्बाल परत येऊन उभा राहिला. त्याच्या घामाने माझी गाठ भिजली.

शेवटच्या पाच ओव्हर राहिल्या तेव्हा मी एक पाहिलं. कोणी नाटक करत नव्हतं. हारूनचाचाने बिडी उलटी पेटवली होती. रघू नखं खात होता. दारात कलावतीशेजारी उभी असलेली हबीबाखाला पुटपुटत दुआ मागत होती. त्या सगळ्यांना निकाल माहीत होता आणि त्या सगळ्यांना खरी भीती वाटत होती. माझं तर विचारूच नका. आकडा माझ्या अंगावर होता, दामूच्या अक्षरात. तरी मला वाटत होतं, दामूने चुकीचं लिहिलं असेल तर? काही वेगळंच झालं तर?

शेवटचा चेंडू पडला. सोमा उठला. दाराकडे वळला. मग म्हणाला, "कलावते, पिशवी भर. सकाळची एसटी हाय."

शनिवारी तो गेला आणि यावेळी पळून आला नाही. डोळा वाचला. पूर्ण नाही, जाड भिंगाचा चष्मा लागला, लूम सुटला. पण माणूस ओळखायचा, रस्ता ओलांडायचा.

त्याने त्या दुपारी माझ्यावर वाचलं होतं का? मला अजून माहीत नाही. कोणी त्याला विचारलं नाही. वाचलं असेल तर त्याचा शब्द सुटला होता, तो खुशाल घरी बसू शकला असता. बसला नाही. चाळीस जण त्याच्यासाठी गप्प राहिले, की तो चाळीस जणांसाठी? अडाण्याला हे गणित सुटत नाही. वजाबाकीपर्यंतच शिकलोय मी.

पुढे केबल आली. मॅच सगळ्यांना तेव्हाच्या तेव्हा दिसायला लागली. हारूनचाचा गेला, त्याच्या पोराने हॉटेलात रंगीत टीव्ही लावला आणि मला काढलं. आता मी दापोड्याच्या एका गोडाऊनमध्ये आहे. गठ्ठे ओले होऊ नयेत म्हणून खाली घातलेल्या फळ्यांपैकी एक. गाठीपाशी चीर पडलीय. थंडीत हमाल शेकोटीला लाकूड शोधतात तेव्हा मी अंग चोरून पडतो.

हमालांचं बोलणं ऐकतो. ड्युटीवरून दमून आलेला एक जण म्हणतो, "थांब, मॅचचं सांगू नको, घरी जाऊन मोबाईलवर बघणार हाय." आणि दुसरा दात काढत सांगूनच टाकतो. त्या पहिल्याचं तोंड मला खालून दिसतं. काय मिळतं रे तुम्हाला? तुमचं बघून झालं ना? मग त्याचं त्याला बघू द्या. आधी विचारा, "पाहिलंस का?" नाही म्हणाला तर गप्प बसा. तुम्हाला तोंड मिटता येतं. मला येत असतं तर मी किती सुखात जगलो असतो.

जाळायचं असेल तर जाळा मला. भीती वाटते, पण जाळा. फक्त एक ऐका. त्या मंगळवारी कोण जिंकलं आणि कितीने, ते माझ्या लाकडात अजून आहे. दामूचं अक्षर खोल गेलंय. ते मी इतकं बोलूनही तुम्हाला सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. कोण जाणे, कोणाची बघायची राहिली असेल.